छोट्या जिमचं गणित, दुसऱ्या धंद्यांच्या वहीतून

छोट्या जिमच्या मालकाला धंदा कसा चाललाय असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा ॲडमिशनच्या आकड्यात येतं. या महिन्यात वीस आल्या, जानेवारीत साठ झाल्या. सोडून किती गेले, हा आकडा मात्र क्वचितच कुणाच्या तोंडावर असतो. वही उघडली तरी तो लगेच सापडत नाही, कारण जिम सोडणारा माणूस तसं सांगून जात नाही. आधी तो दोन दिवस येत नाही, मग आठवडा जातो, आणि फी संपते तेव्हा मालकाच्या लक्षात येतं की हा तर दीड महिन्यापासून दिसलेलाच नाही.

इथे जिम म्हणजे तालुक्याच्या गावातली किंवा शहराच्या उपनगरातली, भाड्याच्या जागेत चालणारी, दीड-दोन हजार चौरस फुटांची जिम. दोनशे-अडीचशे सभासद, दोन-तीन ट्रेनर, आणि सकाळी सर्वांत आधी शटर उघडून रात्री सर्वांत शेवटी ते ओढणारा एक मालक. हा मालक बहुधा स्वतः व्यायामात मुरलेला असतो. कर्ज काढून, दागिने मोडून त्याने मशिनं घेतलेली असतात. धंदा मात्र तो शेजारच्या जिमकडे बघून शिकतो. शेजारच्याने ‘एका वर्षावर तीन महिने फ्री’ लावलं, की यानेही लावायचं. दोघांचे प्रश्न सारखेच असल्यामुळे एकमेकांची वही बघून उत्तर मिळत नाही. विमा, खाणावळ, सिनेमा थिएटर, डबेवाले, दवाखाने यांना हेच प्रश्न फार पूर्वी पडले होते आणि त्यांनी त्यांवर कामाची उत्तरं शोधली. ती जिममध्ये कशी बसवायची, ते एकेक करून पाहू.

मुक्कामाचा नियम

सुरुवात एका सूत्रापासून करावी लागेल. रांगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात एक नियम आहे. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ साली तो गणिताने सिद्ध केला, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. नियम असा, की एखाद्या जागेत सरासरी किती माणसं असतील, हे दोनच गोष्टींवर ठरतं: दर तासाला किती माणसं आत येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती वेळ आत थांबतो. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे आतली गर्दी. बँकेची रांग, दवाखान्यातल्या खाटा, कारखान्यात अर्धवट पडलेला माल, सगळीकडे हे लागू पडतं.

आता तास सोडून महिने घ्या आणि जागेऐवजी सभासदांची वही घ्या. उदाहरणापुरते आकडे धरू. दर महिन्याला २० नवे सभासद येतात आणि असलेल्यांपैकी ८ टक्के गळतात. महिन्याला ८ टक्के गळती म्हणजे एका सभासदाचा सरासरी मुक्काम साडेबारा महिने. २० गुणिले साडेबारा म्हणजे २५०. ही जिम आज ना उद्या २५० सभासदांवर येऊन थांबणार. मालक कितीही राबला, तरी हे दोन आकडे बदलल्याशिवाय तिसरा बदलत नाही. ‘तीन वर्षं झाली, अडीचशेच्या वर जातच नाही’ असं म्हणणाऱ्या मालकाच्या मेहनतीत खोट नसते. त्याची जिम आपल्या गणिताप्रमाणे जिथे थांबायची तिथे थांबलेली असते.

त्याला ४०० सभासद हवे असतील तर दोन वाटा आहेत. एक, दर महिन्याला २० ऐवजी ३२ ॲडमिशन आणायच्या, त्याही दर महिन्याला, कायम. दुसरी, गळती ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणायची. मग मुक्काम होतो २० महिने, आणि वीस विसे चारशे. अडीचशे सभासदांमध्ये ८ टक्के म्हणजे महिन्याला २० जण आणि ५ टक्के म्हणजे साडेबारा. म्हणजे महिन्याला सात-आठ माणसं जाण्यापासून थांबवायची आहेत. नवे बारा शोधण्यासाठी बॅनर, रील, ऑफर, सगळा खर्च आला. या सात-आठ जणांचे फोन नंबर मात्र मालकाकडे आधीच आहेत.

हे एका महिन्यात दिसत नाही, हेही सांगायला हवं. वरच्या उदाहरणात गळती आजपासून ५ टक्के झाली, तर वर्षअखेर सभासद होतात सुमारे ३१९, आणि दोन वर्षांनी ३५६. चारशेच्या जवळ पोचायला त्याहून वेळ लागतो. पण हजार रुपये मासिक फी धरली, तर वर्षभरात महिन्याची वसुली अडीच लाखांवरून तीन लाख एकोणीस हजारांवर जाते, आणि जागेचं भाडं तेवढंच राहतं. छोट्या जिमचा नफा याच फरकात असतो.

विम्याचा तेरावा महिना

मुक्काम वाढवायचा तर आधी तो मोजायला हवा. हे काम विमा कंपन्या सर्वांत शिस्तीने करतात. पॉलिसी विकली गेली म्हणजे काम झालं असं तिथे कुणी मानत नाही. विकलेल्या पॉलिसींपैकी किती तेराव्या महिन्यात चालू होत्या, किती पंचविसाव्या, सदतिसाव्या, एकोणपन्नासाव्या आणि एकसष्टाव्या महिन्यात, हे प्रमाण कंपन्यांना जाहीर करावं लागतं. त्याला पर्सिस्टन्सी म्हणतात. तेरावाच महिना का? वार्षिक हप्ता असेल तर पहिला हप्ता पॉलिसी घेतानाच भरलेला असतो. दुसरा भरला की नाही, हे तेराव्या महिन्यात कळतं. पहिल्या हप्त्यामागे एजंटाचं बोलणं असू शकतं, नातेवाइकाची भीड असू शकते. दुसरा हप्ता ग्राहक स्वतःच्या मनाने भरतो.

जिमसाठी अशी वही करायला सॉफ्टवेअर लागत नाही. एका पानावर डाव्या बाजूला ॲडमिशनचे महिने लिहा आणि वरती पहिला, दुसरा, तिसरा, सहावा, बारावा, तेरावा असे रकाने आखा. समजा जानेवारीत ६० जण आले. फेब्रुवारीत त्यांतले ४६ हजेरीत दिसले, मार्चमध्ये ३४, एप्रिलमध्ये २७. पुढे जुलैत २२ आणि डिसेंबरात १८. तुमच्या वहीत आकडे वेगळे येतील, पण आकार बहुधा हाच येईल. पहिल्या नव्वद दिवसांत मोठी पडझड, नंतर जवळजवळ सपाट रेष. नव्वद दिवस टिकलेला माणूस लांब टिकतो. म्हणून ट्रेनरचा वेळ, मालकाचं लक्ष आणि फोन यांचा मोठा वाटा या पहिल्या नव्वद दिवसांवर खर्च व्हायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक जिममध्ये उलट घडतं. जुना, ओळखीचा, चांगली बॉडी असलेला सभासद ट्रेनरच्या गप्पांचा धनी असतो आणि नवा माणूस कोपऱ्यात सायकल मारत बसतो.

या वहीत एक गोष्ट कटाक्षाने पाळा. फी कुणी भरली हे मोजू नका, महिन्यात किमान चार वेळा कोण आलं हे मोजा. वार्षिक फी भरून घरी बसलेला माणूस कागदावर सभासद असतो, पण मनाने तो गेलेला असतो. स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे सभासद सरासरी ४.३ वेळाच येत होते. एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच क्लबात दहा खेपांचं कार्ड घेतलं असतं तर एक खेप १० डॉलरला पडली असती. आपण नक्की जाऊ, असा माणसाला स्वतःविषयी वाजवीपेक्षा जास्त भरवसा वाटतो.

न येणाऱ्यांच्या पैशावर मोठ्या साखळीची जिम कदाचित तगून राहील. गल्लीतली जिम राहू शकत नाही. तिचा न येणारा सभासद त्याच सोसायटीत राहतो, त्याच भाजीवाल्याकडे भाजी घेतो, आणि ‘माझे नऊ हजार पाण्यात गेले’ हे तो चार जणांना सांगतो. त्या चार घरांतून पुढची ॲडमिशन येत नाही. म्हणून छोट्या जिमला हजेरी हाच खरा माल मानावा लागतो.

फी कशी घ्यावी

फी घेण्याच्या पद्धतीचा हजेरीवर थेट परिणाम होतो. जॉन गॉर्व्हिल आणि दिलीप सोमण या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या एका क्लबची हजेरी तपासली. तिथे सहा महिन्यांनी फी भरायची पद्धत होती. फी भरल्या-भरल्या हजेरी वर जायची, मग महिन्यागणिक उतरत जायची, आणि पुढची फी भरली की पुन्हा वर. खिशातून पैसे गेल्याची जाणीव ताजी असते तोवर पाय जिमकडे वळतात. दर महिन्याला पैसे देणाऱ्यांची हजेरी मात्र बरीच एकसारखी राहते. वर्षाची फी एकरकमी घेणारा मालक त्या दिवशी गल्ला भरतो, पण सभासदाची ती जाणीव वर्षातून एकदाच जागी होईल अशी व्यवस्थाही करून ठेवतो.

मासिक फी वसूल करायची कटकट पूर्वी मोठी होती. दर महिन्याला अडीचशे जणांना आठवण करून कोण देणार? २०२० च्या जुलैमध्ये यूपीआय ऑटोपे आलं आणि ती बरीच कमी झाली. सभासद एकदा मंजुरी देतो, पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी दर वेळी पिन टाकावा लागत नाही, आणि पैसे कापण्याआधी त्याला सूचना जाते. तो हवं तेव्हा आपल्या ॲपमधून मंजुरी थांबवूही शकतो. मालकांना नेमकी याचीच भीती वाटते. मला ही सोय वाटते. मंजुरी थांबवलेली दिसली, की त्याच दिवशी कळतं की हा सभासद निघाला आहे. वार्षिक फीमध्ये हेच कळायला अकरा महिने लागतात.

जानेवारीच्या एकरकमी वसुलीवर ज्यांचे मशिनचे हप्ते अवलंबून आहेत, त्यांनी हे एका झटक्यात करू नये. आधी नव्या सभासदांना तिमाही किंवा मासिक पर्याय पुढे करावा, वार्षिक पॅकेजवरची मोठी सूट हळूहळू कमी करावी. वार्षिक फी घेतलीच, तर ती मासिकाच्या वर्गणीसारखी समजावी. वर्गणी घेतली म्हणजे बारा अंक द्यायचं देणं झालं. ६० जणांचे प्रत्येकी ९,००० म्हणजे ५,४०,००० रुपये जानेवारीत खात्यात आले, पण जानेवारीची खरी कमाई त्यातली ४५,००० आहे. बाकीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि दर महिन्याला तेवढेच काढावेत. या पैशातून फेब्रुवारीत नवी मशिन घेणारा मालक ऑगस्टच्या भाड्याला अडचणीत येतो. मशिन घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण सोबत इनपुट क्रेडिटही गेलं. मशिनवर भरलेला कर आता वळता होत नाही, तो खर्चातच धरायचा.

खाणावळीचा खाडा

पुण्यासारख्या शहरात मेस लावलेल्या प्रत्येकाला खाडा माहीत असतो. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त खाडा झाला तर ते दिवस पुढे धरले जातात. दूधवाला, पेपरवाला हेही असाच हिशोब ठेवतात. या साध्या रिवाजामुळे पंधरा दिवस गावी गेलेला मुलगा परत आल्यावर त्याच मेसवर जेवायला येतो. गैरहजेरीतही त्याचं नाव वहीत असतं आणि त्याचे दिवस शिल्लक असतात.

जिममध्ये हा रिवाज फार थोड्या ठिकाणी नीट पाळला जातो. सभासदाला मात्र त्याची गरज सतत पडते. घरात लग्न निघतं, मुलांची दहावी-बारावी असते, गणपतीला कोकणात जायचं असतं. शेतीच्या तालुक्यात जूनमध्ये पेरणी येते, नाशिककडे द्राक्षाचा हंगाम येतो. अशा वेळी ‘फी चालूच राहील’ असं ऐकलेला माणूस मनातून हिशोब मिटवून टाकतो.

खाड्याचे नियम लिहून भिंतीवर लावावेत. आधी कळवायचं, किमान सात दिवसांचा खाडा, वर्षात एकूण तीस ते पंचेचाळीस दिवस. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परत यायची तारीख त्याच वेळी वहीत लिहून घ्यायची. त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन गेला पाहिजे. मेसवाल्याचं एक जेवण तरी वाचतं, आपलं काहीच वाचत नाही, असं मालक म्हणतील, आणि ते खरं आहे. पंधरा दिवसांच्या खाड्याचे हजाराच्या फीत पाचशे रुपये जातात. तो सभासद कायमचा गेला तर पुढच्या सगळ्या महिन्यांची फी जाते. ज्याला खाडा द्यायचा जिवावर येतं, त्याने हे दोन आकडे शेजारी मांडून बघावेत.

चुकलेला दिवस

न सांगता गायब होणाऱ्यांचं काय? याचं उत्तर मला क्षयरोगाच्या सरकारी कार्यक्रमात दिसतं. भारतात १९९७ पासून डॉट्स पद्धत राबवली गेली. क्षयाचं औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं आणि बरं वाटू लागलं की माणूस गोळ्या सोडतो. म्हणून गोळी कुणाच्या तरी देखत घ्यायची असं ठरलं. पहिले दोन महिने उपचार जोमाचा, त्यानंतर पुढचा टप्पा. आणि गोळी चुकली तर महिनाअखेरीची वाट न पाहता आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाला शोधायला जायचं. तिथे प्रश्न जीवनमरणाचा असतो, जिमचा तसा नसतो. पण माणसाचा स्वभाव दोन्हीकडे एकच, आणि उपायाची रचनाही इथे जशीच्या तशी बसते: सुरुवातीला दाट लक्ष, नंतर विरळ, आणि चुकलेल्या दिवसाची लगेच दखल.

नव्या सभासदाचे पहिले साठ दिवस असे बांधून घ्यावेत. त्याचा एक ठरलेला ट्रेनर हवा. सलग तीन दिवस दिसला नाही की चौथ्या दिवशी त्या ट्रेनरनेच फोन करायचा. फोनमध्ये फीचा विषय नको. ‘काकू, दोन-तीन दिवस दिसला नाहीत. गुडघा कसा आहे? उद्या साडेसातला या, हलकंच करू, सायकल आणि स्ट्रेचिंग.’ इतकं पुरतं. यात उद्याची वेळ आहे आणि व्यायाम हलका असेल हा दिलासाही आहे. मध्ये खंड पडलेल्या माणसाला सर्वांत जास्त भीती पुन्हा पहिल्या दिवशी अंग दुखण्याची आणि ‘इतके दिवस कुठे होता?’ हे सगळ्यांसमोर ऐकण्याची असते. जुन्या तालमींत वस्ताद कोण आलं नाही हे नजरेने टिपायचा आणि पोराच्या घरी निरोप धाडायचा. ती नजर अडीचशे सभासदांच्या जिममध्ये वहीला द्यावी लागते.

फोनसाठी दिवसही बघून निवडता येतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जिममधली हजेरी आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला, तसंच वाढदिवसानंतर वाढलेली आढळली. नव्या सुरुवातीचा दिवस माणसाला बळ देतो. आपल्याकडे सोमवार, महिन्याची पहिली तारीख, पाडवा, विसर्जनानंतरचा आणि भाऊबीजेनंतरचा आठवडा हे असे दिवस आहेत. सोडून गेलेल्यांची यादी या दिवशी हातात घ्यावी.

सकाळी सातची गर्दी

आता लिटलचा नियम पुन्हा घेऊ, या वेळी तासांत. सकाळी साडेसहा ते साडेआठ दरम्यान तासाला ३० माणसं येतात आणि प्रत्येक जण दीड तास थांबतो. ३० गुणिले दीड म्हणजे एका वेळी ४५ माणसं. १,८०० चौरस फुटांच्या जागेत माणशी ४० चौरस फूट, त्यातच मशिनं, त्यातच दोन स्क्वॉट रॅक आणि तीन बेंच. इथे मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो शेजारचा गाळा घेण्याचा. त्याआधी मुक्काम बघा. दीड तासाऐवजी माणूस ७० मिनिटांत मोकळा झाला, तर तेवढ्याच सभासदांत गर्दी ३५ वर येते. दहा माणसं कमी झाली, तीही एक पैसा खर्च न करता.

माणसं दीड तास का थांबतात, हे एक सकाळ घड्याळ हातात घेऊन पाहावं. बराचसा वेळ बेंचसाठी थांबण्यात, पुढे काय करायचं हे ठरवण्यात आणि बेंचवर बसून फोन बघण्यात जातो. म्हणजे गर्दीमुळे वेळ वाढतो आणि वेळ वाढल्यामुळे गर्दी. प्रत्येकाच्या हातात त्या दिवसाच्या व्यायामाचा कागद असेल आणि बेंच रिकामा नसेल तर त्याऐवजी काय करायचं हेही त्यावर लिहिलेलं असेल, तर हे चक्र तुटतं. पायांचा आणि छातीचा दिवस सगळ्यांचा एकच ठेवू नये. सोमवारी अख्ख्या जिमला बेंच हवा असतो. अर्ध्या लोकांचा सोमवार पाठीचा करून द्यावा.

उलट बाजूला सकाळी अकरा ते दुपारी चार जिम ओस असते. रिकामी खुर्ची कशी विकायची, हे थिएटरवाल्यांना पूर्वीपासून माहीत आहे, म्हणून सकाळच्या खेळाचं तिकीट स्वस्त असतं. विमान कंपन्यांनी याचं शास्त्र केलं. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ मध्ये सुपर सेव्हर नावाची स्वस्त तिकिटं काढली. विमान उडालं की रिकाम्या आसनाची किंमत शून्य, हा त्यामागचा हिशोब. पण त्यांनी स्वस्त तिकिटाला कुंपण घातलं. तिकीट बरंच आधी काढावं लागे आणि इतरही अटी असत, त्यामुळे कामासाठी ऐनवेळी निघणारा व्यापारी पूर्ण भाड्याचंच तिकीट घ्यायचा. धडा त्या कुंपणात आहे. दुपारचं कार्ड निम्म्या-पाऊण फीला द्या, पण चारनंतर ते चालणार नाही हे पक्कं असू द्या. गृहिणी, निवृत्त मंडळी, एमआयडीसीत पाळीवर जाणारे कामगार, अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षांची मुलं, ही सगळी दुपारची माणसं आहेत. सकाळी सातच्या वेळेवर मात्र कधीही सूट देऊ नये. तिथे जागाच शिल्लक नसते, आणि सूट देऊन आणलेला प्रत्येक माणूस पूर्ण फी भरणाऱ्याचा बेंच अडवतो.

यादी, मशिन आणि माणसं

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं विमान चाचणीत कोसळलं. जमिनीवर असताना लावलेली विमानाच्या नियंत्रणाची कुलपं वैमानिकाने काढली नव्हती. त्यानंतर वैमानिकांसाठी कागदावरची यादी आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तशीच यादी शस्त्रक्रियेसाठी केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. जिममध्ये शटर उघडल्यावर दहा मिनिटांची एक यादी पुरते: पुलीजवळ केबलचे धागे सुटलेत का, वजनाची पिन पूर्ण आत जाते का, बेंचचे बोल्ट घट्ट आहेत का, ट्रेडमिलची लाल इमर्जन्सी की जागेवर आहे का, रॉडचे कॉलर पुरेसे आहेत का, फरशी ओली आहे का, प्रथमोपचाराची पेटी भरलेली आहे का. तपासणाऱ्याने रोज सही करायची. प्रत्येक ट्रेनरकडे ठरावीक मशिनं द्यावीत, म्हणजे पट्ट्याखाली तेल घालणं आणि मोटरवरची धूळ काढणं कुणा एकाचं काम राहील. मशिन बंद असेल तर नुसता ‘बंद आहे’ असा कागद लावू नका, कधी सुरू होईल ती तारीखही लिहा.

माणसांबद्दल मुंबईचे डबेवाले बघावेत. १८९० पासून चालत आलेल्या त्यांच्या व्यवस्थेत प्रत्येक गटात दोन-तीन जादा माणसं ठेवलेली असतात, म्हणून कुणी आजारी पडला तरी डबा अडत नाही. तीन ट्रेनरच्या जिमला एक जादा पगार परवडणार नाही. पण सकाळच्या वेळेपुरता एखादा जाणता, जुना सभासद तयार करता येतो, त्याच्या फीत सवलत देऊन. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची गोष्ट याहून मोठी आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ते १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं. तिथे शस्त्रक्रियेखेरीजचं बरंचसं काम खेड्यांतून आलेल्या, तिथेच शिकवून तयार केलेल्या मुली करतात, आणि डॉक्टरचा हात फक्त डॉक्टरच्याच कामाला लागतो. जिमचा मालक फी घेतो, नळ दुरुस्त करून आणतो, रील काढतो, आणि नव्या माणसाची पहिली तपासणी मात्र सर्वांत नव्या ट्रेनरकडे जाते. हे उलटं करायला हवं. पहिल्या दिवशीचा अर्धा तास जिममधल्या सर्वांत जाणत्या माणसाने द्यावा: दुखणी विचारावीत, बीपी-शुगर विचारावी, आणि सगळं कार्डावर लिहावं. लिहिलेलं कार्ड असेल तर ट्रेनर सोडून गेला तरी सभासदाची माहिती त्याच्याबरोबर जात नाही.

शेवटी ट्रेनरचा पैसा. विमा एजंटाला पहिल्या वर्षी मोठं कमिशन मिळतं, पण पॉलिसी चालू राहिली तर पुढच्या हप्त्यांवरही मिळत राहतं. म्हणून ग्राहक टिकावा यात त्याचाही स्वार्थ असतो. जिममध्ये ट्रेनरला ॲडमिशनवर किंवा पर्सनल ट्रेनिंगवर टक्के मिळतात आणि साध्या सभासदाच्या टिकण्यावर काहीच मिळत नाही. प्रत्येक ट्रेनरच्या नावावर सभासदांची यादी द्या, आणि त्यातल्या महिन्यात आठ किंवा जास्त दिवस आलेल्या प्रत्येकामागे शंभर रुपये द्या. ८० पैकी ५० जण आले तर पाच हजार झाले. महिन्याला सात-आठ सभासद टिकले तर त्या वर्षात वाढणाऱ्या वसुलीतून हा खर्च भागवता येतो. आणि तीन दिवस न दिसलेल्या काकूंना फोन करायची आठवण ट्रेनरला कुणी करून द्यावी लागत नाही.

जिम चालवणाऱ्या वाचकांना एक विनंती. येत्या रविवारी जिम बंद असेल तेव्हा गेल्या वर्षी याच महिन्यात ॲडमिशन घेतलेल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहा. त्यांतले आज येणारे किती, ते मोजा. मग न येणाऱ्यांपैकी पहिल्या पाच जणांना फोन करा, फीविषयी एक शब्दही काढू नका, आणि त्यांनी येणं का थांबवलं हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.